बाबांच्या कॅसेट्स, पुसलेले अकरा सेकंद आणि माझे चार तारे

आधी निकाल सांगते: पाचपैकी चार तारे. एक तारा कापलाय तो फायलींच्या नावांसाठी, त्याबद्दल खाली लिहिते. जुन्या कॅसेट्स संगणकावर उतरवून देणाऱ्या या लोकांच्या हातून माझ्या वडिलांच्या आवाजातले अकरा सेकंद कायमचे पुसले गेले. त्यासाठी मी एकही तारा कापलेला नाही. का नाही, ते नीट सांगायचं तर मजकूर लांबणार, त्याला इलाज नाही.

सेवा अशी आहे: जुन्या ऑडिओ कॅसेट्स कुरिअरने पाठवायच्या. ते लोक त्या साफ करतात, वाजवतात, आवाज संगणकाच्या फायलींमध्ये उतरवतात आणि कॅसेट्ससकट सगळं परत पाठवतात. काम करणारी माणसं मोजकी, आणि मालकीणबाई स्वतः हेडफोन लावून कामाला बसणाऱ्या. त्यांचं नाव मी देत नाही. नाव दिलं तर पुढे कुणीही त्या नावाने शोध घेतला की पहिल्यांदा ही चूक वर येईल आणि त्यांनी केलेलं बाकीचं चोख काम तिच्याखाली दबून जाईल. ज्यांना अशा कॅसेट्स उतरवून घ्यायच्या आहेत त्यांना कुठल्याही ठिकाणी काय विचारावं, हे मात्र मी लिहिणार आहे.

आमच्या कॅसेट्स बाजारात पुन्हा मिळण्यासारख्या नव्हत्या. बाबा शाळेत विज्ञान शिकवायचे. त्यांच्या वर्गातल्या एका मुलाची दृष्टी शाळेत असतानाच गेली. ब्रेल हाताखाली बसायला वेळ लागणार होता आणि परीक्षा थांबणार नव्हती. मग बाबा रात्री टेपरेकॉर्डर पुढ्यात घेऊन त्याच्यासाठी पाठ्यपुस्तक वाचू लागले. घरात होत्या त्या गाण्यांच्या जुन्या कॅसेट्सवरच त्यांनी धडे भरले. ते निव्वळ वाचन नव्हतं. पुस्तकात आकृती आली की बाबा थांबत आणि ती त्याच्या हातांवर उतरवत: "डावा तळहात आडवा धर, हा आरसा. आता उजव्या हाताचं बोट तिरकं टेकव, हा आला किरण." वाचताना चुकले तर तसं सांगून पुढे जात. एका ठिकाणी ते म्हणतात, "आपतन कोन तीस अंश असेल तर परावर्तन कोन साठ... थांब, चुकलो. साठ नाही, तीसच. साठ होतो तो दोन किरणांमधला." मागे जाऊन ते दुरुस्त करत नसत, कारण त्या यंत्रावर टेप नेमक्या शब्दापाशी थांबवणं जमत नसे. चुकीचं वाक्य पुसायला गेलं की शेजारचं बरोबर वाक्यही जायचं. चूक तिथेच ठेवायची आणि पुढच्या वाक्यात सुधारायची, असा त्यांचा रिवाज झाला होता.

बाबा गेल्यावर त्या विद्यार्थ्याने जपून ठेवलेल्या सगळ्या कॅसेट्स आमच्याकडे परत पाठवल्या. काही मी ठेवल्या, काही ताईने. मी माझ्याकडच्या या लोकांना दिल्या.

कामाच्या दर्जाबद्दल बोलायचं तर तो उत्तम आहे, आणि मी हे मन मोठं करून म्हणत नाहीये. कॅसेटच्या आत, जिथे टेप यंत्राच्या हेडला, म्हणजे आवाज वाचणाऱ्या भागाला, टेकते तिथे, पत्र्याच्या पट्टीवर फेल्टची इवलीशी गादी असते. वर्षांनुवर्षं पडून राहिली की तिचा गोंद सुटतो, गादी गळून पडते, आणि मग आवाज दबका येतो. आमच्या बऱ्याच कॅसेट्सचं तसं झालं होतं. यांनी टेप अलगद काढून स्क्रूच्या नव्या कवचांमध्ये बसवली आणि जुनी कवचं वेगळ्या पिशवीत घालून परत दिली, कारण त्यांच्यावर बाबांचं अक्षर होतं. मी ते सांगितलंही नव्हतं. वाजवणाऱ्या यंत्राच्या हेडचा कोन मूळ रेकॉर्डरच्या कोनाशी जुळला नाही तर 'स', 'श', 'च' बोथट होतात. तो कोन त्यांनी प्रत्येक कॅसेटसाठी कानाने ऐकून वेगळा जुळवला. आणि एक गोष्ट तर मला फार आवडली. कॅसेट सेकंदाला 4.76 सेंटिमीटर या वेगाने फिरायला हवी, पण आमचा घरचा रेकॉर्डर त्याहून हळू फिरायचा. म्हणून त्यावर भरलेला बाबांचा आवाज दुसऱ्या कुठल्याही यंत्रावर बारीक आणि घाईचा यायचा. यांनी बाबांच्या आवाजामागे उतरलेला विजेचा गुणगुणाट पकडला. तो 50 हर्ट्झवर असायला हवा. तो किती वर सरकलाय हे मोजून त्यांनी वेग तेवढा खाली आणला. त्यानंतर जो आवाज आला तो ऐकून ताई खुर्चीतून उठून उभी राहिली होती.

आता ती चूक.

फोन संध्याकाळी आला. बोलणारा मुलगा विशीतला असावा. त्याचं पहिलंच वाक्य असं होतं: "मॅडम, तुमच्या कॅसेट्सचं काम मी करतोय. माझ्या हातून एक चूक झालीय आणि ती दुरुस्त होण्यासारखी नाहीये." मग त्याने न थांबता सांगितलं. फक्त वाजवण्यासाठी ठेवलेलं त्यांचं यंत्र दुरुस्तीला गेलं होतं. त्याऐवजी त्याने रेकॉर्डिंगही करणारं दुसरं यंत्र घेतलं. त्या यंत्रावर वाजवण्याचं आणि रेकॉर्डिंगचं बटण शेजारीशेजारी आहे आणि रेकॉर्डिंग एकाच बटणाने सुरू होतं. शेजारी कुणाशी तरी बोलता बोलता बोट पलीकडे पडलं. लाल दिवा लागलेला दिसताच त्याने बंद केलं, पण तोवर अकरा सेकंद गेले होते. "मी तीन वेळा मोजलं," तो म्हणाला. "परत येईल का, हेही आमच्या मॅडमना विचारलं. नाही येणार."

मी काही मोठेपणा दाखवला नाही. "मला आज काही बोलता येणार नाही," एवढं म्हणून फोन ठेवला. त्या रात्री मला त्या मुलाचा राग होता आणि झोप लागली नाही.

पण मी आयुष्यभर रुग्णालयात परिचारिका होते, आणि शेवटची बरीच वर्षं वॉर्डची जबाबदारी माझ्याकडे होती. चूक झाली की ती कशी झाली हे खोदत जायची सवय मनाला लागलेली आहे. राग असतानाही मी खोदत राहिले.

कॅसेटच्या मागच्या कडेला, दोन कोपऱ्यांत, प्लास्टिकच्या दोन छोट्या पाकळ्या असतात. कॅसेट भरून झाली की ती पाकळी मोडून टाकायची. यंत्रात एक बारीक दांडी असते, ती त्या जागी भोक आहे का हे चाचपते. भोक लागलं की रेकॉर्डिंगचं बटण दाबलंच जात नाही. कॅसेट फिलिप्सने 1963 साली आणली, तेव्हापासून जगभर घराघरात ती वापरली गेली, आणि घराघरातली माणसं कधी ना कधी चुकीचं बटण दाबणार हे गृहीत धरूनच ही पाकळी आहे. गाण्यांच्या विकतच्या कॅसेट्सना तर ती पाकळी नसतेच, भोकच असतं. बाबांना त्यांच्यावर धडे भरायचे होते म्हणून त्यांनी भोकांवर चिकटपट्टी लावली. त्याशिवाय गत्यंतर नव्हतं. ती पट्टी तशीच राहिली. म्हणजे त्या दिवशी चांगलं यंत्र जागेवर नव्हतं, बदली यंत्राची दोन बटणं एकमेकांना खेटून होती, भोकावर पट्टी होती, आणि त्या मुलाला कुणीतरी हाक मारली. यातली एकही गोष्ट नसती तर ते अकरा सेकंद आज असते.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी अपघातांबद्दल हेच मांडलंय. बचावाचे पडदे अनेक असतात, प्रत्येकाला कुठे ना कुठे भोक असतं, आणि ज्या क्षणी सगळी भोकं एका रेषेत येतात त्या क्षणी नुकसान होतं. शेवटच्या पडद्यापाशी जो माणूस उभा असतो, बोट त्याच्याकडे जातं.

दुसऱ्या महायुद्धातली बी-17 विमानांची गोष्ट मी नव्या मुलींना वॉर्डात नेहमी सांगायचे. विमान धावपट्टीवर सुखरूप उतरल्यावर वैमानिक पंखांचे फ्लॅप्स मिटवण्याऐवजी चाकंच आत घ्यायचे, आणि विमान पोटावर बसायचं. नोंद व्हायची ती वैमानिकाची चूक म्हणून. अल्फॉन्स चपॅनिस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने कॉकपिटमध्ये बसून पाहिलं तर दोन्हींचे खटके शेजारीशेजारी आणि हाताला सारखेच लागणारे. त्याने चाकांच्या खटक्याला रबरी चाकासारखी मूठ बसवायला लावली आणि फ्लॅप्सच्या खटक्याला पाचरीसारखी. न बघताही हाताला कळू लागलं आणि ती चूक थांबली. आजही प्रवासी विमानात चाकांच्या दांड्याची मूठ चाकासारखी असते. त्याआधी ज्या वैमानिकांवर ठपका बसला, त्यांच्या जागी दुसरे आणले असते तरी विमानं पोटावरच बसली असती.

हे सगळं आठवून माझा राग पळाला असं मात्र नाही. कारण समजणं आणि माफ करणं यांत अंतर आहे. त्या अंतरात मी काही दिवस होते. एखाद्याची चूक कशी झाली ते पूर्ण कळतं, आपणही त्या जागी तेच केलं असतं हेही कळतं, तरी छातीत काहीतरी अडकून राहतं, कारण गेलेलं गेलंच. बाबांचा आवाज आता नव्याने तयार होणार नाही. जे म्हणतात की चूक समजून घेतली की माफी आपोआप येते, त्यांचं काही मोठं गेलेलं नसावं असं मला वाटतं. माफ करायला वेगळं बळ लागतं, आणि मला वाटतं ते दुसऱ्या बाजूने काय होतं त्यावरही बरंच अवलंबून असतं.

दुसऱ्या बाजूने काय झालं ते सांगते. पार्सल आलं तेव्हा त्या फायलीत ती अकरा सेकंदांची शांतता तशीच ठेवलेली होती. बाजूची दोन वाक्यं एकमेकांना जोडली असती तर मला आयुष्यात कळलं नसतं. धडा प्रकाशाच्या अपवर्तनाचा आहे. बाबा म्हणतात, "पेन्सिल पाण्यात तिरकी बुडवली तर पाहणाऱ्याला ती मोडल्यासारखी दिसते. पण तू..." आणि मग काही नाही. मग पुन्हा बाबा: "...हे परीक्षेत लिहू नकोस, पण लक्षात ठेव." पाठ्यपुस्तक काढून पाहिलं. मधलं वाक्य पुस्तकातलं नाही, ते त्यांचं स्वतःचं होतं. उलटी बाजू शाबूत आहे, कारण खोडणारं हेड 3.81 मिलिमीटर रुंदीच्या टेपच्या अर्ध्याच भागावरून जातं. पार्सलमध्ये एक कागद होता. त्यावर कॅसेटचा क्रमांक, बाजू, किती मिनिटांवर जागा रिकामी आहे आणि ती कुणामुळे, हे लिहिलेलं. खाली त्या मुलाची सही. मालकीणबाईंनी वेगळं पत्र लिहिलं होतं: त्यांच्याकडच्या प्रत्येक यंत्रातल्या रेकॉर्डिंगच्या सर्किटची वायर आता काढून टाकलीय, आणि कॅसेट हातात आल्यावर पहिलं काम म्हणजे भोकावरची पट्टी सोलणं, हे भिंतीवर लावलंय. त्या कॅसेटचेच काय, सगळ्याच कामाचे पैसे घ्यायला त्या तयार नव्हत्या. मी त्या एका कॅसेटचे सोडून बाकीचे दिले. काम झालं होतं, त्याचे पैसे द्यायलाच हवेत.

मग मी फोन केला आणि त्या मुलाला बोलावून घ्यायला सांगितलं. "झालं ते झालं, माझ्या मनात आता काही नाही," असं म्हणाले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मॅडम, त्या कॅसेटमध्ये सर पुढे सोळाव्या मिनिटाला हसलेत, ते ऐकलंत का?" मी ऐकलं नव्हतं. त्याने ऐकलं होतं.

रुग्णालयात मी हे उलट्या बाजूने पाहिलंय. 1999 साली अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या अहवालाने तिथल्या रुग्णालयांमध्ये टाळता येण्यासारख्या चुकांमुळे दरवर्षी 44,000 ते 98,000 माणसं दगावत असावीत असा अंदाज दिला, आणि जगभर खळबळ उडाली. त्या अहवालाचा रोख वाईट माणसांवर नव्हता, वाईट रीतीने आखलेल्या कामावर होता. त्याच सुमाराला एमी एडमंडसन या संशोधिकेने वॉर्डांमधल्या औषधांच्या चुका मोजल्या, तेव्हा तिला दिसलं की जिथे प्रमुख चांगली आणि माणसं एकमेकांशी मोकळी, तिथे नोंदलेल्या चुका जास्त आहेत. त्या वॉर्डांमध्ये चुका बोलल्या जात होत्या. जिथे चुकलं की झाडाझडती व्हायची, तिथे त्या दडवल्या जात होत्या. ज्यांनी वॉर्डात काम केलंय त्यांना यात नवल वाटणार नाही. माझ्या एका सहकारी मुलीने एकदा इंजेक्शनची मात्रा चुकवली आणि पाच मिनिटांत येऊन सांगितलं. ती पाच मिनिटं होती म्हणून रुग्णाला उतारा देता आला. तिला माझ्याआधीच्या सिस्टरची भीती असती तर ती सकाळपर्यंत गप्प बसली असती. अमेरिकेत नासा 1976 पासून वैमानिकांसाठी अशीच व्यवस्था चालवते. चूक स्वतःहून कळवा, नाव गुप्त राहील. त्या पत्रांमधून इतरांचे अपघात टळतात.

म्हणून त्या फोनला माझ्या लेखी एवढी किंमत आहे. त्या मुलाने फोन केला, कारण चूक सांगितली तर आपल्याला हाकलणार नाहीत याची त्याला खात्री होती. ती खात्री मालकीणबाईंनी आधीच तयार करून ठेवली होती. सेवेचं परीक्षण करायचं तर मी तिचंच करीन.

आता ताई. तिच्याशी माझं यावरून जुळलेलं नाही, आणि तिची बाजू मी कमी लेखणार नाही. मी माफ केल्याचं तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तू कोण माफ करणारी? ते माझेही बाबा होते." यावर मला उत्तर सुचलं नाही. आजही पूर्ण सुचलेलं नाही. तिचं बरोबर आहे. ज्याचं नुकसान झालं त्यानेच माफ करायचं असतं, आणि दुसऱ्याच्या वतीने माफी वाटणं हा उदारपणा नव्हे, आगाऊपणा आहे. मी माझ्या वाट्याचं माफ केलं. तिच्या वाट्याचं तिच्याकडे आहे. ती करील किंवा करणार नाही, आणि तिने नाही केलं म्हणून तिचं मन लहान ठरत नाही. चुकलेल्याला माफ करा असं दुखावलेल्याला सारखं ऐकवत राहणं ही फार निर्दय गोष्ट आहे. वॉर्डाबाहेर नातेवाइकांना कुणी कुणी असं समजावताना मी पाहिलंय. त्यांना आधी काय घडलं ते कुणीतरी समोर बसून खरं सांगायला हवं असतं.

मग वाटलं, हे अकरा सेकंद खरं तर आमच्या दोघींपेक्षाही त्या विद्यार्थ्याचे. "पण तू..." यातला 'तू' तो आहे. त्याला फोन केला. तो आता पन्नाशी ओलांडलेला, स्वतः शिकवतो. सगळं ऐकल्यावर मी विचारलं, मधलं वाक्य आठवतंय का. नाही म्हणाला. बराच विचार करून पुन्हा नाही म्हणाला. त्याचा आवाज जड झाला होता. आणि मग त्याने एकच विचारलं: "ताई, त्या मुलाची नोकरी राहिली ना?"

याआधी मी दुसऱ्या एका ठिकाणी नमुन्यादाखल एकच कॅसेट दिली होती. तेही सांगायला हवं, नाहीतर मी कुणालाही माफ करत सुटते असं वाटेल. तिथून कॅसेट परत आली तेव्हा आतली टेप पीळ पडून चुरगळली होती, फायलीत मिनिटभर नुसता घरघराट होता. विचारलं तर उत्तर आलं, "ती आधीपासूनच तशी होती." मी पाठवण्याआधी ती वाजवून पाहिली होती. पुन्हा विचारलं तर फोन उचलणंच बंद झालं. नुकसान तिथे कमी होतं. याच लोकांनी पुढे ती टेप बोटांनी सरळ करून, कोमट इस्त्रीचा मोह टाळून, नवी कवचं घालून वाजती केली. पण त्या पहिल्या लोकांना मी काय माफ करू? माफ करायचं तर समोर कुणीतरी उभं लागतं. तिथे कुणी उभंच राहिलं नाही. त्यांच्यावरचा राग मी सोडून दिलाय, कारण तो बाळगून मलाच त्रास होत होता. त्यांना पुन्हा काम मात्र देणार नाही. राग सोडणं ही माझी एकटीची बाब आहे. विश्वास ठेवायला समोरच्याने काहीतरी करून दाखवावं लागतं. या दोन गोष्टींची गल्लत झाली की माणसं एकतर कुणालाच माफ करत नाहीत, किंवा माफ केलं म्हणून पुन्हा त्याच खड्ड्यात जातात.

आणि हेही लिहून ठेवते: याच लोकांनी उद्या त्याच बदली यंत्रावर, वायर न काढता, आणखी कुणाची कॅसेट पुसली तर माझं मत असं राहणार नाही. माहीत असलेला धोका तसाच ठेवून काम करणं याला मी चूक म्हणत नाही. त्याला हयगय म्हणतात, आणि तिथे जाब विचारायलाच हवा.

आता कामाचं. कुणाकडेही कॅसेट्स देताना विचारा: वाजवायचं यंत्र फक्त वाजवणारं आहे का, आणि नसेल तर त्याचं रेकॉर्डिंगचं सर्किट तोडलंय का. पाकळी किंवा भोक कोण तपासतं. मूळ कवच परत देणार का. आवाज कॉम्प्रेस न करता, म्हणजे फाईल लहान करण्यासाठी त्यातलं काही न गाळता, देणार का; मला 24 बिट, 96 किलोहर्ट्झच्या फायली आणि रोज ऐकायला वेगळ्या हलक्या फायली मिळाल्या, तशाच मागा. मूळ फाईलमधली खरखर काढू नका असं सांगा, कारण खरखर काढताना आवाजाचे कोपरेही जातात. साफ केलेली प्रत हवी तर वेगळी घ्या. आणि शेवटी हा प्रश्न विचारा: काम करताना काही बिघडलं तर तुम्ही मला कसं कळवता? या प्रश्नावर "आमच्याकडे कधी काही बिघडत नाही" असं उत्तर आलं तर मी तरी कॅसेट्स परत घरी घेऊन येईन. कॅसेट देण्याआधी भोकांवरच्या चिकटपट्ट्या घरीच सोलून टाका. नखाने सावकाश सोलल्या की निघतात.

तर तो कापलेला तारा. कवचांवर बाबांनी प्रत्येक धड्याचं नाव लिहिलं होतं, स्वच्छ, ठळक अक्षरात. फायलींना मात्र नुसते क्रमांक आणि बाजू अ, बाजू ब. कुठला धडा कुठे आहे हे शोधायला मला सगळं पुन्हा ऐकत बसावं लागलं. विद्यार्थ्याला प्रती पाठवायच्या होत्या, आणि तो पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर वापरतो. त्याला क्रमांकांचा काय उपयोग? हे मी कळवलं, "पुढच्या वेळी करू" असं उत्तर आलं. कवचावर लिहिलेलं नाव फायलीला द्यायला मिनिटसुद्धा लागत नाही, आणि हे त्यांच्या हातात होतं. नावं मग मीच दिली. ताईच्या कॅसेट्स अजून तिच्या कपाटात आहेत. तिने त्या दिल्या तर मी याच लोकांकडे पाठवीन, आणि सोबत धड्यांची यादी टाइप करून जोडीन.